दवाखान्यात नंबर लावताना: बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव शहर, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी, कागवाड या पट्ट्यातून दवाखान्याच्या नंबराबद्दल जे प्रश्न सतत येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवात नेहमीच्या प्रश्नांनी आहे, अडचणीचे प्रश्न पुढे आहेत. फी, वेळा आणि फेरतपासणीची मुदत दवाखान्यागणिक बदलते, ती आपल्या डॉक्टरांकडेच विचारा.

१. कुठल्या दुखण्याला नंबर लावत बसायचं नाही?

छातीत दाब येऊन कळ हाताकडे किंवा जबड्याकडे जाणे आणि घाम फुटणे. तोंड अचानक वाकडे होणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, बोबडी वळणे. धाप लागून एक वाक्यही पुरे बोलता न येणे. पाच मिनिटांतही न थांबणारी फिट. साप चावणे, फवारणीचे औषध पोटात जाणे, गरोदरपणी अंगावरून रक्त जाणे, तान्हे बाळ दूध ओढेनासे होणे. यातले काहीही असेल तर १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने मोठ्या दवाखान्याकडे निघा. डॉक्टर आहेत का, नंबर मिळेल का, हे विचारण्यात जाणारा अर्धा तास फार महाग पडतो.

१०८ ला पत्ता सांगताना गाव, तालुका आणि जवळची खूण सांगा. एकाच नावाची दोन-दोन गावे या जिल्ह्यात आहेत. लकव्याची लक्षणे दिसली तर ती कधी सुरू झाली ते घड्याळ बघून लक्षात ठेवा. गाठ विरघळवण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते आणि डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात. साप चावलेल्याला चालवू नका, दोरीने घट्ट आवळू नका, जखम कापू नका. फवारणीचे औषध पोटात गेले असेल तर बाटली सोबत घ्या.

२. नंबर लावायला फोन करू की स्वतः यायला हवं?

बहुतेक खासगी दवाखान्यांत तीनपैकी एक पद्धत असते: दवाखाना उघडण्याआधी ठरलेल्या वेळेत फोन, प्रत्यक्ष येऊन वहीत नाव लिहिणे, किंवा व्हॉट्सअॅपवर नाव पाठवणे. पहिल्यांदा जात असाल तर कुठली पद्धत चालते आणि नाव घ्यायला कधी सुरुवात होते, या दोन्ही गोष्टी विचारून घ्या. सकाळच्या नंबरासाठी आदल्या रात्री केलेला फोन पुष्कळ ठिकाणी धरतच नाहीत.

मोबाइलवरून लँडलाइनला फोन लावताना बेळगावसाठी आधी ०८३१, खानापूरसाठी ०८३३६, निपाणी-चिकोडीसाठी ०८३३८ लावा. व्हॉट्सअॅपवर नाव पाठवून थांबू नका. तिकडून नंबर लिहून उत्तर आले तरच नंबर लागला असे समजा. नुसत्या दोन निळ्या खुणा म्हणजे नंबर नव्हे.

सोमवार आणि गावचा बाजारदिवस सगळ्यात गर्दीचे. तातडी नसेल तर आठवड्याच्या मधला दिवस घ्या.

३. फोनवर कंपाउंडर आजार का विचारतो? ते डॉक्टरांना सांगायचं ना?

कारणावरून त्याला तीन गोष्टी ठरवायच्या असतात: आजच बघायला हवे की उद्या चालेल, वेळ किती लागेल, आणि काही तयारी सांगायची का. टाके काढायचे असतील, कानातला मळ काढायचा असेल, ईसीजी लागणार असेल, तर जागा आणि सिस्टर मोकळी हवी. कारण न सांगता 'डॉक्टरांना भेटायचंय' एवढेच म्हटले, तर तुम्हाला मागचा कुठलाही नंबर मिळतो.

एवढे सांगितले की पुरते: "पेशंट वडील, वय ६८. तीन दिवस ताप, कालपासून धाप लागते. शुगरच्या गोळ्या चालू आहेत. आधी आलोय, फाईल आहे. खानापूरहून यायला दीड तास लागेल." धाप आणि शुगर हे दोन शब्द ऐकले की जाणता कंपाउंडर नंबर वर घेतो.

सांगायला संकोच वाटतो अशी तक्रार असेल (अंगावरून पांढरे जाणे, लघवीच्या जागेचा त्रास, मनाची घालमेल) तर "खासगी आहे, डॉक्टरांनाच सांगेन, पण आजच बघायला हवं" असे स्पष्ट म्हणा. ते पुरेसे आहे, आणि त्यापुढे खोदून विचारण्याचा अधिकार कुणालाही नाही. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील तर नंबराची वाट पाहू नका. १४४१६ ही टेलि-मानस सेवा चोवीस तास, मोफत असते आणि मराठीतूनही बोलता येते.

४. माझा नंबर २२ आहे. किती वाजता निघू?

नंबर म्हणजे वेळ नव्हे. दवाखाना १० ला उघडतो म्हणून १० ला येऊन बसू नका आणि अंदाजाने १ वाजताही येऊ नका. सुरू झाल्यावर तासाभराने फोन करून एकच विचारा: "आत कितवा नंबर चालू आहे?" समजा ११ वाजता नववा आत आहे. म्हणजे तासात आठ झाले, एकेकाला साधारण सात मिनिटे. तुमच्या आधी अजून तेरा आहेत, म्हणजे दीड तास. नंबर साडेबाराच्या आसपास येईल, तुम्ही १२ ला पोहोचा.

अर्धा तास हातात ठेवायचा तो दोन कारणांनी. मधले दोघे-तिघे न आल्याने रांग एकदम पुढे सरकते. आणि आत जाण्याआधी वजन, ताप, बीपी बघायचा असतो. उलट एखादा तातडीचा पेशंट आला तर तेवढाच उशीर होतो. त्यावर कुणाचाच इलाज नाही. शेवटची बस पकडायची असेल तर ते नंबर लावतानाच सांगा, आत जायच्या वेळी नको.

५. माझ्यानंतर आलेले लोक आधी आत जातात. ही ओळखीची वशिलेबाजी आहे का?

कधी असते, पण बहुतेक वेळा नसते. चार प्रकारचे लोक मध्येच आत जातात: तातडीचे, सकाळी बघून झालेले आणि फक्त रिपोर्ट दाखवणारे, ड्रेसिंग किंवा इंजेक्शनवाले (हे सिस्टरकडे जातात, डॉक्टरांकडे नाही), आणि ज्यांनी फोनवर आधीचा नंबर घेतला होता ते. शंका आली तर "आत कितवा नंबर चालू आहे?" असे सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारा. नंबर मोठ्याने पुकारणारा किंवा फळ्यावर लिहिणारा दवाखाना निवडावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. रांग दिसली की भांडण होत नाही.

६. बस चुकली आणि माझा नंबर निघून गेला. आता शेवटी बसवणार का?

बहुतेक ठिकाणी दोन-तीन पेशंटनंतर घेतात, शेवटी टाकत नाहीत. मात्र आल्या आल्या टेबलावर सांगायला हवे. गुपचूप बाकावर बसून राहिलात तर तुम्ही आलाच नाहीत असे धरले जाते. उशीर होतोय हे वाटेतच कळले तर फोन करा. कणकुंबी, जांबोटी बाजूने येणाऱ्यांना पावसाळ्यात रेंज मिळत नाही, त्यांनी रेंज असलेल्या गावातूनच फोन उरकावा. दवाखान्याची ती पाळी संपत आली असेल तर संध्याकाळचा नंबर मागा. तोही शक्य नसेल तर प्रश्न ७.

७. नंबर रद्द केला तर पुढच्या वेळी अडवतात का? नाही सांगितलं तर काय बिघडतं?

रद्द करण्याने कुणी अडवत नाही. न सांगता न येणाऱ्यांची नावे मात्र लक्षात राहतात आणि काही दवाखाने मग त्यांचा फोनवरचा नंबर घेतच नाहीत. तुमची रिकामी जागा सकाळीच कळली तर ती बाकावर थांबलेल्या एखाद्या तापाच्या पोराला मिळते. नाव, नंबर आणि दिवस एवढे सांगून फोन ठेवला तरी चालतो, कारण द्यायची गरज नाही. तारीख बदलायची असेल तर त्याच फोनमध्ये नवा दिवस घ्या.

८. एकाच नंबरावर मी आणि मुलगी दोघांना दाखवता येईल?

नाही. दोघांचा वेळ, केस पेपर आणि फी वेगळी. "जाता जाता हिचं पण बघा" असे आत गेल्यावर म्हटले की दोघांचीही तपासणी घाईत होते. फोनवरच दोन नंबर लागोपाठ मागा. मिळतात.

९. सोबत काय काय आणायचं?

जुनी फाईल, शेवटची चिठ्ठी, मागच्या वर्षभरातले रिपोर्ट, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या त्यांच्या पाकिटांसकट. 'पांढरी छोटी गोळी' यावरून कुठल्याही डॉक्टरला काही कळत नाही. पट्टी कापताना नाव आणि ताकद छापलेला तुकडा फेकून देऊ नका, तोच सगळ्यात कामाचा. गावठी काढा, आयुर्वेदिक चूर्ण, दुसऱ्या डॉक्टरांची औषधे हेही दाखवा. लपवण्यासारखे त्यात काही नाही आणि दोन औषधे एकमेकांशी भांडली तर त्रास तुम्हालाच होतो. कुठल्या औषधाची ॲलर्जी असेल तर ती फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून घ्या.

एक्स-रे मोबाइलवर फोटो काढून न आणता फिल्मच आणा. फोटोत बारीक फ्रॅक्चर दिसत नाही.

१०. उपाशीपोटी यायचं का? गोळी घ्यायची की नाही?

सगळ्यात जास्त फेऱ्या याच गोंधळामुळे फुकट जातात, म्हणून सविस्तर.

फास्टिंग शुगर: रात्रीच्या जेवणानंतर किमान ८ तास काही नाही. साधे पाणी चालते. चहा, बिनसाखरेचा सुद्धा, चालत नाही. शुगरची गोळी रक्त दिल्यानंतर, जेवणासोबत. जेवणानंतरची शुगर बघायची असेल तर जेवायला सुरुवात केल्यापासून बरोबर २ तासांनी रक्त द्यायचे, आणि रोजचीच गोळी घेऊन रोजचेच जेवायचे. तपासणीच्या दिवशी मुद्दाम अर्धी भाकरी खाल्ली तर रिपोर्ट चांगला येतो, शुगर तशीच राहते. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी तपासणी कधीही होते, उपाशी राहायची गरज नाही.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशी असताना इन्सुलिन टोचून घराबाहेर पडू नये. त्या सकाळी काय करायचे ते आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारावे. वाटेत घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली तर तपासणी राहू द्या, लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यातून घ्या.

थायरॉइडचे रक्त सकाळची गोळी घेण्याआधी द्यावे. कोलेस्टेरॉलसाठी लॅब बहुधा १० ते १२ तास उपाशी राहायला सांगते. पोटाच्या वरच्या भागाच्या सोनोग्राफीला ६ तास उपाशी. ओटीपोटाच्या सोनोग्राफीला तासभर आधी लिटरभर पाणी पिऊन लघवी रोखून धरायची. बीपीची गोळी मात्र डॉक्टरांनी 'नको' म्हटले नसेल तर उपाशी दिवशीही घोटभर पाण्याबरोबर घ्यावी.

११. घरी बीपी बरा असतो, दवाखान्यातच वाढतो. मशीन चुकीचं आहे का?

बसस्टँडपासून भरभर चालत येऊन लगेच हात पुढे केला तर कुणाचाही बीपी जास्तच दिसेल. पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, गप्प बसा. त्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, मशेरी नको. लघवी तुंबलेली असतानाही आकडा वाढतो. घरच्या आकड्यांची आठवड्याची वही आणलीत तर डॉक्टर तिच्यावर जास्त विसंबतात.

१२. फेरतपासणीला पुन्हा पूर्ण फी का घेतात?

त्याच आजारासाठी ठरलेल्या मुदतीत आलात तर बहुतेक डॉक्टर फी घेत नाहीत किंवा कमी घेतात. मुदत कुठे पाच दिवस असते, कुठे पंधरा. ती चिठ्ठीवर लिहून मागा. मुदत एका दिवसाने चुकली तरी नवीन केस धरतात, आणि तापासाठी येऊन गेल्यावर दोन दिवसांनी गुडघा दाखवला तरीही नवीनच. फेरतपासणीलाही नंबर लावावा लागतो. 'डॉक्टरांनी बोलावलंय' म्हटल्याने रांग चुकत नाही.

१३. फक्त रिपोर्ट दाखवायचे आहेत किंवा आईच्या गोळ्या संपल्यात. पेशंटला न आणता चालेल?

रिपोर्ट घरच्या माणसाने दाखवला तरी बऱ्याचदा चालते, पण विचारून या. रिपोर्टात काही वावगे असेल तर डॉक्टर पेशंटला समोर बघितल्याशिवाय औषध बदलत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

गोळ्यांचे म्हणाल तर बीपी-शुगरची तीच चिठ्ठी महिनाभर वाढवून मिळू शकते. त्यासाठी आईचे मागच्या आठवड्यातले दोन-तीन बीपी-शुगरचे आकडे लिहून आणा. तीन महिन्यांतून एकदा तरी त्यांना प्रत्यक्ष आणायलाच हवे. आणि गोळ्या संपल्यावर नंबर लावू नका. पट्टीत सात गोळ्या उरल्या की लावा. बीपीची गोळी मध्येच तुटली की धोका वाढतो, आणि जुन्या चिठ्ठीवर वर्षभर मेडिकलमधून तीच गोळी आणत राहणे हाही धोकाच.

१४. व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवून औषध मागवता येतं का?

डॉक्टर तयार असतील तर फोनवर किंवा व्हिडिओवर सल्ला देणे कायदेशीर आहे. त्याचे नियम मार्च २०२० मध्ये आले. तपासण्याची गरज आहे का हे ठरवणे डॉक्टरांच्या हातात आणि ते फीही घेऊ शकतात. नशा आणणारी व मनावर परिणाम करणारी काही औषधे अशा सल्ल्यावर लिहून देता येत नाहीत, तेव्हा 'नेहमीचीच आहे हो' असा आग्रह धरू नका.

पुरळ किंवा जखमेचा फोटो दिवसाच्या उजेडात काढा, बाजूला एक रुपयाचे नाणे ठेवा म्हणजे आकार कळतो. पेशंटचे नाव, वय, किती दिवस झाले, हे फोटोबरोबर लिहा. छाती, पोट, कान, घसा यांच्या तक्रारी फोटोवर भागत नाहीत.

सरकारची ई-संजीवनी सेवा मोफत आहे. स्मार्टफोन किंवा रेंज नसेल तर जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन तिथून डॉक्टरांशी बोलता येते का ते आशाताईंना विचारा. साध्या सल्ल्यासाठी कर्नाटकात १०४ हा नंबर आहे.

१५. वडील एकटेच जातात आणि घरी आल्यावर काही सांगत नाहीत. काय करावं?

त्यांच्या खिशात कागद द्या. वर तक्रार एका ओळीत, खाली दोन प्रश्न आणि तुमचा मोबाइल नंबर. कंपाउंडरला आधीच सांगून ठेवा की आत गेल्यावर तपासणी संपता संपता एक फोन लावून द्या. ऐकू कमी येत असेल तर तेही सांगा, नाहीतर पुकारलेला नंबर त्यांना कळतच नाही आणि ते दोन-दोन तास बसून राहतात. शक्यतो सकाळचा नंबर घ्या, कारण संध्याकाळी उशीर झाला तर वस्तीच्या बसशिवाय परतायला काही उरत नाही.

१६. टेबलावरच्या बाई कन्नडच बोलतात. आम्हाला येत नाही.

अडू नका. या भागात डॉक्टर आणि बहुतेक स्टाफला दोन्ही भाषा समजतात. सावकाश मराठीत बोललात तरी काम होते. तीन वाक्ये मात्र पाठ असावीत: "डॉक्टर इद्दारेनु?" म्हणजे डॉक्टर आहेत का, "नन्न नंबर यष्टु?" म्हणजे माझा नंबर कितवा, आणि औषध देताना "ऊट आद मेले" म्हणाले तर जेवणानंतर, "ऊटक्के मुंचे" म्हणाले तर जेवणाआधी. हा जेवणाआधी-नंतरचा घोळ सगळ्यात महागात पडतो. म्हणून पाकिटावर सूर्य-चंद्राच्या खुणा करून घ्या किंवा मराठीत लिहून मागा. सरकारी दवाखान्यातले फलक कन्नडमध्ये असतात, तिथे खोली क्रमांक विचारून चिठ्ठीवर लिहून घ्या.

१७. सरकारी दवाखान्यात नंबर आधी लावता येतो का?

प्राथमिक आरोग्य केंद्रात फोनवर नंबर नसतो. सकाळी जाऊन चिठ्ठी काढायची, रांगेत बसायचे. बेळगावात बिम्सच्या जिल्हा रुग्णालयासारख्या मोठ्या ठिकाणी आधी केस पेपर, मग विभाग. कुठल्या विभागात जायचे ते ठाऊक नसेल तर चिठ्ठीच्या खिडकीवर तक्रार सांगा, ते लिहून देतात. कोणत्या वारी कुठला विभाग बाह्यरुग्ण बघतो, हे केस पेपरवर लिहून घ्या. पुढच्या खेपेला चुकीच्या वारी येणे टळते.

आधार आणि १४ अंकी आभा क्रमांक (सरकारी आरोग्य खात्याचा नंबर) असेल तर काही सरकारी रुग्णालयांत खिडकीजवळचा क्यूआर कोड मोबाइलने स्कॅन करून टोकन मिळते आणि नाव-पत्ता सांगण्याची रांग वाचते. आभा नसेल म्हणून कुणी तपासायला नाकारू शकत नाही.

१८. बाळाच्या लसीची तारीख चुकली. पुन्हा पहिल्यापासून?

नाही. राहिलेला डोस पुढे द्यायचा, आधीचे वाया जात नाहीत. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे डोस, मग नऊ महिने पुरे झाल्यावर गोवर-रुबेला. साध्या सर्दीसाठी लस पुढे ढकलू नका. जोराचा ताप असेल तर विचारा. सरकारी लस ठरलेल्या वारीच मिळते, तो वार आशाताईंना ठाऊक असतो. लसीचे कार्ड हरवू देऊ नका, शाळेपर्यंत लागते.

१९. गरोदर सुनेसाठी नंबर कसा आणि कधी लावायचा?

पाळी चुकल्यावर पहिल्या बारा आठवड्यांतच नोंदणी करा. खासगी डॉक्टरांकडे जात असलात तरी आशाताईंकडे नाव असू द्या, तायी कार्ड (आई-बाळाच्या तपासण्यांच्या नोंदीचे सरकारी कार्ड) त्यावरच मिळते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. त्या दिवशी गर्दी असते, सकाळी लवकर जा.

सोनोग्राफीच्या नंबराला डॉक्टरांची चिठ्ठी आणि तिचे ओळखपत्र हवेच. केंद्राला कायद्याने फॉर्म भरून ठेवावा लागतो, त्यावर तिची सही लागते. कागद नसतील तर परत पाठवतात, आणि त्यात केंद्राची चूक नाही. मुलगा की मुलगी हे विचारणे आणि सांगणे दोन्ही गुन्हा आहे. स्त्री डॉक्टरच हव्या असतील तर नंबर लावतानाच सांगा. पुरुष डॉक्टर तपासताना घरची बाई किंवा सिस्टर आत असावी, हे मागण्यात संकोच नको.

२०. कुत्रा चावला. नंबर उद्याचा मिळतोय, चालेल?

चालणार नाही. आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे जखम धुवा. हळद, चटणी, चुना काही लावू नका. मग त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. रेबीजची लस कातडीत देण्याच्या पद्धतीने दिली तर डोस पहिल्या दिवशी, मग ३, ७ आणि २८ व्या दिवशी; दंडात स्नायूत दिले तर १४ व्या दिवसाचा एक जास्त. मोजणी शून्यापासून असते: पहिला डोस १ तारखेला असेल तर पुढचे ४, ८ आणि २९ तारखेला. चारही तारखा कॅलेंडरवर त्याच दिवशी खूण करा. रक्त आलेल्या जखमेला जखमेभोवती वेगळे इंजेक्शनही लागते. ते जवळच्या केंद्रात नसेल तर कुठे मिळेल ते तिथल्या तिथे विचारा.

२१. मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलंय. त्यांचा नंबर कोण लावणार?

बहुधा तुम्हीच. पण पाठवणाऱ्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या आणि तीत तीन गोष्टी आहेत का बघा: कशासाठी पाठवले, आतापर्यंत काय औषध दिले, किती तातडीचे. 'तातडीचे' लिहिले असेल तर ते फोनवर वाचून दाखवा.

निपाणी, खानापूर, चिकोडीसारख्या ठिकाणी काही तज्ज्ञ आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून एकदाच येतात. अशा डॉक्टरांचा वार ठरलेला असला तरी निघण्याच्या दिवशी सकाळी 'आज येणार का' हे विचाराच. त्यांनी लिहिलेली फेरतपासणी त्यांच्या येण्याच्या वाराशी जुळते का, तेही टेबलावर पाहून घ्या.

२२. आम्ही मिरजेला किंवा कोल्हापूरला दाखवतो. वेगळं काही लक्षात ठेवायचं?

सुट्या जुळत नाहीत. १९ फेब्रुवारीला शिवजयंतीची सुटी महाराष्ट्रात असते, कर्नाटकात नाही. १ नोव्हेंबर, बसव जयंती, कनकदास जयंती या सुट्या कर्नाटकातल्या. त्या दिवशी सरकारी बाह्यरुग्ण विभाग बंद असतो, तातडीचा चालू.

सीमेवर तणाव झाला की दोन्ही राज्यांच्या एसटी गाड्या हद्दीवर थांबवल्या जातात; फेब्रुवारी २०२५ मध्येही तसे झाले. मोठ्या तपासणीची किंवा ऑपरेशनची तारीख असेल तर आदल्या दिवशी बातमी पाहा. गाड्या बंद असतील तर दवाखान्याला फोन करून तारीख पुढे घ्या किंवा वडाप, रेल्वे बघा. डायलिसिस आणि केमोची तारीख मात्र पुढे ढकलू नका. ती जवळच्या कुठल्या केंद्रात होऊ शकते हे आधीच विचारून ठेवा. दोन्हीकडचे कागद एकाच फाईलमध्ये असू द्या.

२३. योजनेचं कार्ड आहे, मग नंबराची फी का मागतात?

आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक असो की महाराष्ट्राची महात्मा फुले जन आरोग्य योजना (ती २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांसाठीही जाहीर झाली), दोन्ही मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या ठरावीक उपचारांसाठी आहेत. खासगी दवाखान्यातल्या रोजच्या तपासणीची फी त्यांत बसत नाही. दाखल व्हायचे ठरले की आरोग्यमित्राला (रुग्णालयात योजनेचे काम बघणाऱ्या माणसाला) आधी भेटा, बिल भरून झाल्यावर नव्हे. कर्नाटकच्या योजनेत खासगी रुग्णालयात जाण्याआधी सहसा सरकारी रुग्णालयाचे रेफर पत्र लागते. तातडीच्या वेळी त्यावाचून अडत नाही. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा, दोन्हीवर नाव सारखेच लिहिलेले आहे का बघा.

२४. मागच्या आठवड्याचं मेडिकल सर्टिफिकेट मिळेल?

त्या दिवशी तपासले असेल तर नोंदीवरून मिळेल. तपासलेच नसेल तर मिळणार नाही. मागू नका, खोट्या दाखल्यावर डॉक्टरांची नोंदणी जाऊ शकते. आजारी पडलात त्याच दिवशी नंबर लावून 'रजेचा दाखला लागेल' असे सांगून ठेवा.

२५. ॲपवर पैसे भरून वेळ घेतली, गेलो तर डॉक्टर नाहीत.

आधी टेबलावर बुकिंगचा मेसेज दाखवा. पुष्कळदा ॲपवरची नोंद दवाखान्याच्या वहीत चढलेलीच नसते. डॉक्टर खरेच नसतील तर तिथूनच ॲपवर 'डॉक्टर उपलब्ध नव्हते' असे नोंदवा, स्वतः 'रद्द' दाबू नका. तुम्ही रद्द केलेत तर पैसे कापले जाण्याची शक्यता जास्त. गावातल्या छोट्या दवाखान्यासाठी ॲपपेक्षा फोनच भरवशाचा.

२६. फाईलची झेरॉक्स देत नाहीत, फीचा फलक नाही. कुठे सांगायचं?

आधी डॉक्टरांशी शांतपणे बोला, बरेच प्रश्न तिथेच मिटतात. नोंदींसाठी लेखी अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर 'मिळाला' अशी सही घ्या. डॉक्टरांच्या आचारसंहितेनुसार पेशंटने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यायचे असतात. कर्नाटकात खासगी दवाखान्यांना केपीएमई (खासगी वैद्यकीय आस्थापना) कायद्याखाली नोंदणी लागते, दर लावावे लागतात, आणि तातडीच्या पेशंटला आगाऊ पैशांसाठी अडवता येत नाही. यात अडचण आली तर जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे, किंवा जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या तक्रार प्राधिकरणाकडे लेखी अर्ज करा. अर्जात दवाखान्याचे नाव, तारीख, वेळ, नंबर आणि भरलेल्या फीची पावती जोडा. पावती फी देतानाच मागून घ्या.